विजेच्या सायकलीस कांटेरोधक टायर : निवड व बसविण्याची रीत

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तींत घर, आणि बार्शी, होटगी किंवा अक्कलकोट रस्त्याच्या अंगास शेत, अशी व्यवस्था असणारे शेतकरी आमच्या वाचकवर्गांत आहेत. पेठेंतील बोळांत मोटार उभी करावयास जागा नसते, आणि रोज दोन वेळां शेतावर जाण्यासाठीं पेट्रोल जाळणें जिवावर येतें. अशांपैकीं कांहींनीं अलीकडे बॅटरीवर चालणारी सायकल जवळ केली आहे. ती घरच्या विजेवर भरतां येते, चढावर दम लागूं देत नाहीं, आणि वयस्क माणसासही आपल्या शेतावर स्वतःच्या बळावर जातां येतें, हा तिचा मोठा गुण होय.

परंतु या सायकलीचा एक दोष लवकरच अनुभवास येतो. पंपास रात्रपाळीची वीज यावयाची असते व दारें धरावयास पहांटेच निघावयाचें असतें. किंवा दूध वेळेवर पोंचवावयाचें असतें. आणि मध्येंच मागील चाक बसतें. साध्या सायकलीचें पंक्चर ही किरकोळ गोष्ट आहे. विजेच्या सायकलीचें तसें नाहीं. बॅटरी पूर्ण भरलेली असली तरी तिचा त्या वेळीं कांहीं उपयोग नसतो, आणि एवढें जड धूड ढकलीत न्यावें लागतें.

सबब कांट्यांस दाद न देणारे टायर कोणत्या प्रकारचे असतात, त्यांतील आपल्या भागास कोणता उपयोगी, आणि मोटर असलेल्या चाकावर तो कसा बसवावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करूं. आरंभींच एक गोष्ट सांगून ठेवितों. टायर विकत घेण्यापूर्वी आपल्या वाटेवरचा कांटा कोणता, हें ओळखलें पाहिजे. जमीन न पाहतां बीं पेरणारा व कांटा न पाहतां टायर घेणारा, या दोघांचाही पैसा दैवाच्या हवालीं होतो.

१. धांवेपासून हवेच्या चाकापर्यंत

बैलगाडीच्या चाकास लोखंडी धांव असते. कांटा तिचें कांहींच करूं शकत नाहीं. पण दगडाचा प्रत्येक दणका आरे, तुंबा व आंस यांमधून गाडीवानाच्या हाडांपर्यंत पोंचतो. हा दणका हवेच्या उशीवर झेलावा, ही कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश गृहस्थानें १८४५ सालीं पेटंट घेऊन मांडली. पण त्या वेळीं ती रुजली नाहीं. पुढें बेलफास्ट येथें जनावरांचे डॉक्टर असलेले जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचें चाक बनविलें व १८८८ सालीं त्याचें पेटंट घेतलें. आरंभींचे टायर रिमला चिकटविलेले असत. पंक्चर काढावयाचें तर टायर सोलून काढावा व पुन्हां चिकटवून तो वाळेपर्यंत थांबावें, असा खोळंबा होई. १८९१ सालीं फ्रान्समधील मिशलिन बंधूंनीं सहज काढतां-घालतां येणारा टायर पुढें आणला, तेव्हां ही अडचण दूर झाली. आपल्या इकडे ऊस वाहणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीस ‘डनलॉपची गाडी’ म्हणतात, तें नांव याच पशुवैद्याचें आहे.

हवेनें दणका झेलला, पण त्याबरोबरच कांट्यास वाट मोकळी झाली. कांटेरोधक टायर म्हणजे हवेचा मऊपणा व धांवेचा टणकपणा यांमधील तडजोड होय. तडजोड म्हटली कीं कांहीं सोडावें लागतें. किती सोडून काय मिळवावयाचें, हें ज्यानें त्यानें ठरवावयाचें असतें.

२. विजेच्या सायकलीचें पंक्चर अधिक जाचक कां

ज्या सायकलीच्या मोटरची शक्ति पाव किलोवॅटहून कमी असून जिचा वेग ताशीं २५ किलोमीटरच्या आंत राखलेला असतो, ती ठराविक अटी पाळणारी सायकल आपल्या देशांतील नियमांप्रमाणें मोटार वाहनांत धरली जात नाहीं. म्हणून ती सायकलच; पण तिची घडण साध्या सायकलीहून तीन बाबतींत निराळी आहे.

पहिली बाब वजनाची. बॅटरी व मोटर मिळून अशी सायकल बहुधा वीस ते अठ्ठावीस किलोग्रॅम भरते. त्यांत बसणाऱ्याचें वजन व कॅरियरवरील खताची पिशवी किंवा दुधाची किटली यांचा भार मिळतो, आणि त्यांतील मोठा हिस्सा मागील चाकावर येतो. जितका भार अधिक, तितका टायर जमिनीवर अधिक दाबला जातो व कांट्यास आंत शिरावयास तितकीच मदत होते.

दुसरी बाब मोटरची. पुष्कळ सायकलींत मोटर मागील चाकाच्या हबमध्येंच बसविलेली असते. असें चाक काढावयाचें म्हणजे विजेची तार सोडविणें, मोठे नट ढिले करणें व आंस फिरूं नये म्हणून घातलेले खास वॉशर क्रमानें काढणें, इतकीं कामें आलीं. मोटर पायडलपाशीं असलेल्या सायकलींत ही अडचण नसते.

तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची. साध्या सायकलीची हवा गेली कीं ती जड जाते व माणूस आपोआप खालीं उतरतो. विजेच्या सायकलीची मोटर मात्र बसलेल्या चाकासही ओढीत राहते. त्यामुळें “थोडेंच अंतर राहिलें आहे, जाऊं तसेच” असा मोह होतो. अशा वेळीं टायर रिमवर घसरतो, ट्यूब त्याबरोबर ओढली जाते, व व्हॉल्व्ह मुळाशीं फाटतो. तेथें ठिगळ बसत नाहीं. बारीक भोंकाचें काम ट्यूब टाकून देण्यावर जातें, आणि रिम वाकली तर त्याहून मोठा खर्च उभा राहतो. हवा गेल्यावर मोटर बंद करून खालीं उतरावें, हा नियम घरांतील मुलांसही सांगून ठेवावा.

३. आपल्या वाटेवरचे कांटे

सोलापूर जिल्हा कोरडवाहू. येथें कांट्यांस तोटा नाहीं. परंतु सगळे कांटे सारखे नसतात.

सराटा हा सायकलीचा नित्याचा वैरी होय. पहिल्या पावसानंतर हें वेलासारखें झुडूप जमिनीस चिकटून पसरतें, त्यास पिवळीं फुलें येतात, व फळ वाळल्यावर त्याचे बहुधा पांच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्यास मजबूत कांटे असतात, आणि तुकडा कसाही पडला तरी एखादें टोंक वर राहतेंच. हा कांटा आंखूड, बहुधा अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास असतो. पावसाळ्यांत पिकलेलें फळ पुढें उन्हाळ्यापर्यंत पायवाटेवर पडून राहतें.

बाभळीचा कांटा पांढरा, सरळ व जोडीनें येणारा. कोंवळ्या झाडावर तो पांच सेंटिमीटर किंवा त्याहूनही लांब भरतो. जुन्या झाडावर कांटे कमी असतात. वेडी बाभूळ ही मूळची अमेरिका खंडांतील. ती एकोणिसाव्या शतकांत आपल्या देशांत आणली गेली व आतां ओढ्याकांठीं आणि पडीक रानांत माजली आहे. तिचाही कांटा लांब व कणखर असतो. बोरीचे कांटे जोडीनें येतात. त्यांतील एक सरळ व दुसरा आंकडीसारखा वांकडा असतो. कुंपणासाठीं ओढून नेलेल्या फांट्यांतून हे सर्व कांटे वाटेवर गळतात.

आपल्या जिल्ह्यांत यांत डाळिंबाची भर पडली आहे. हें पीक येथें किती महत्त्वाचें आहे तें सोलापूरजवळ केगांव येथें २००५ सालीं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र निघालें यावरूनच कळतें. डाळिंबाच्या फांदीचें टोंकच पुष्कळदां कांट्यांत संपतें, आणि छाटणीनंतर हीं टोंकें बागेच्या वाटेवर विखुरतात.

याशिवाय पेठेंतील व महामार्गावरील शत्रु वेगळे. बोळांत कांचा व खिळे असतात; पुणें-हैदराबाद महामार्गाच्या कडेस ट्रकच्या फुटलेल्या टायरांतील केसासारख्या पोलादी तारांचे तुकडे पडलेले असतात. ही तार टायरमध्यें रुतली तर डोळ्यांस दिसत नाहीं, आणि नवी ट्यूब घातली तरी तीसही टोंचीत राहते.

आतां आमची सूचना अशी कीं, पंक्चर काढतांना जो कांटा निघेल तो फेंकून देऊं नये. एका रिकाम्या डबींत तो ठेवावा, आणि चाक पुढचें कीं मागचें, वाट कोणती व महिना कोणता, हें एका ओळींत टिपावें. एका हंगामांत ही डबी तुम्हांस जें सांगेल तें कोणताही दुकानदार सांगूं शकणार नाहीं. डबींत सराटेच असतील तर उपाय एक. बाभळीचे लांब कांटे असतील तर उपाय दुसरा.

४. उपाय व त्यांचे गुणदोष

पहिला उपाय संरक्षक थराचा टायर. यांत दोन जाती आहेत. एकींत टायरच्या पाठीखालीं अतिशय चिवट धाग्याचें पातळ विणलेलें कापड असतें. बंदुकीची गोळी अडविणाऱ्या अंगरख्यांत वापरतात त्या जातीचा हा धागा असतो. तो कांच चांगली अडवितो. परंतु बारीक अणकुचीदार कांटा विणीमधून सरकूं शकतो. दुसऱ्या जातींत लवचिक रबराचा जाड थर असतो. जर्मनीतील श्वालबे कंपनीच्या ‘मॅरेथॉन प्लस’ या टायरांत हा थर पांच मिलिमीटर जाडीचा आहे. वरच्या पाठीची जाडी त्यांत मिळविली म्हणजे सराट्याच्या कांट्याचें टोंक ट्यूबपर्यंत पोंचत नाहीं, हें साध्या मापावरून कळेल. बाभळीचा पांच सेंटिमीटरचा कांटा मात्र सरळ उभा लागला तर या थरासही भेदील. येथें टायर आपलें संरक्षण कमी करीत नाहीं, तर कांटाच त्याच्या मापाबाहेरचा असतो.

या टायराची किंमत वजनांत व चालींत द्यावी लागते. २६ इंची चाकाचा असा टायर सुमारें एक किलोग्रॅमपर्यंत भरतो. तो ओढावयास साध्या टायराहून थोडी अधिक शक्ति लागते, म्हणून एका भरणींत बॅटरी थोडें कमी अंतर नेते. साध्या सायकलीवर हा भार पायांस जाणवतो. विजेच्या सायकलीवर तो मोटर उचलते. म्हणूनच हा टायर तिला अधिक शोभतो.

दुसरा उपाय जाड ट्यूब. ती स्वस्त आहे. पण कांटा टायरमधून आंत आल्यावर तिचें काम सुरू होतें, आणि लांब कांट्यापुढें तिचा निभाव लागत नाहीं.

तिसरा उपाय टायर व ट्यूब यांमध्यें पट्टी घालण्याचा. जुनी ट्यूब उभी फाडून तिचें अस्तर लावणें हा याचाच घरगुती प्रकार. काम बरें होतें. परंतु पट्टीची कडा किंवा तिचीं टोंकें ट्यूबवर घासून कालांतरानें तेथेंच भोंक पाडतात. पट्टी घालावयाची तर टोंकें गोलसर कापावींत व एकावर एक नीट बसवावींत.

चौथा उपाय भोंक बुजविणाऱ्या द्रवाचा. हा द्रव व्हॉल्व्हमधून ट्यूबमध्यें सोडतात; भोंक पडलें कीं हवेबरोबर तो तेथें जातो व आंतील तंतू अडकून भोंक बंद होतें. लांब पण बारीक कांट्यावर हा उपाय चांगला चालतो, म्हणजे जेथें जाड थर कमी पडतो तेथें हा पुरा पडतो. परंतु मोठी चीर त्यानें बुजत नाहीं. रबराच्या चिकाचा द्रव आपल्या उन्हाळ्यांत लवकर वाळतो; तीन-चार महिन्यांनीं पाहून भर घालावी लागते. शिवाय द्रवानें ओल्या झालेल्या ट्यूबवर सोल्यूशन व ठिगळ नीट धरत नाहींत. ती जागा पुसून व वाळवून घ्यावी लागते.

पांचवा उपाय हवा नसलेल्या भरीव टायराचा. त्यास पंक्चर नाहीं, हें खरें. परंतु तें धांवेकडेच परत जाणें होय. दणका पुन्हां रिम, स्पोक व मोटर यांवर येतो, आणि मोटरच्या चाकाचे स्पोक आंखूड असल्यानें तो त्यांस अधिक बाधतो. खडबडीत शेतवाटेस आम्ही याची शिफारस करीत नाहीं.

आमचें मत असें : डबींत सराटे, कांचा व बारीक तारा निघत असतील तर जाड रबरी थराचा टायर पुरेसा आहे. लांब कांटे निघत असतील तर त्याच टायरांत द्रवाची जोड द्यावी. पैसा एकाच टायरापुरता असेल तर तो मागील चाकास घालावा, कारण भार तेथें आहे व काढघालीचा त्रासही तेथेंच आहे.

५. माप पाहणें

दुकानांत “२६ चा टायर द्या” इतकेंच सांगणें धोक्याचें आहे. टायराच्या कुशीवर दोन प्रकारचीं मापें छापलेलीं असतात. उदाहरणार्थ, २६ × १.९५ हें इंचांतील माप व ५०-५५९ हें मिलिमीटरांतील माप. दुसऱ्यांतील पहिला आंकडा टायराची रुंदी व पुढचा आंकडा टायर रिमवर जेथें बसतो तेथील व्यास दाखवितो. हा पुढचा आंकडा जुळलाच पाहिजे. २६ × १⅜ या जुन्या मापाचा व्यास ५९० असतो. नांव सव्वीसच, पण तो ५५९ च्या रिमवर बसत नाहीं. २७.५ चा व्यास ५८४, २९ चा ६२२, आणि जुन्या उंच सायकलीच्या २८ × १½ चा ६३५ असतो. म्हणून आपल्या जुन्या टायरावरील मिलिमीटरांतील आंकडा कागदावर उतरून न्यावा.

रुंदींत थोडा फरक चालतो. पण टायर व मडगार्ड यांमध्यें निदान बोटभर अंतर रहावें. आपली काळी माती पावसाळ्यांत चाकास कशी लिंपते हें सांगावयास नको. अंतर कमी असेल तर चाकच अडकेल आणि मोटर ओढीत राहून तापेल.

ट्यूब घेतांना व्हॉल्व्हही पहावा. विजेच्या सायकलींस बहुधा मोटारसायकलीसारखा जाड व्हॉल्व्ह असतो. द्रव घालावयाचा असेल तर ज्याचें आंतील पिन काढतां येतें असाच व्हॉल्व्ह घ्यावा.

६. बसविण्याची रीत

रस्त्यावर नुसतें पंक्चर काढावयाचें असेल तर मोटरचें चाक काढण्याचें कारण नाहीं. आपले पंक्चरवाले करितात त्याप्रमाणें टायराची एक बाजू सोडवून, ट्यूबचा तेवढा भाग बाहेर ओढून ठिगळ लावावें. नवा टायर घालावयाचा असेल तर मात्र चाक खालीं उतरवावें लागतें. तें काम घरीं, उजेडांत व निवांतपणें करावें.

(१) सायकल बंद करून बॅटरी काढून बाजूस ठेवावी. सायकल उलटी उभी करावयाची असेल तर हँडलखालीं लांकडाचे ठोकळे द्यावे, नाहीं तर वेग दाखविणारी पाटी चिरडते.

(२) आंसाच्या दोन्ही बाजूंच्या नट-वॉशरांचें मोबाइलवर छायाचित्र घ्यावें. कोणता वॉशर आंत, कोणता बाहेर, व त्याचें नाक कोणत्या खांचेंत आहे, हें नंतर आठवत नाहीं.

(३) मोटरच्या तारेचा जोड शोधून त्याचीं दोन टोंकें सरळ रेषेंत ओढावीं. पिळूं नयेत, कारण आंतील पिना वाकतात. तार फ्रेमला बांधलेली असल्यास तो बंध सोडवावा. मग नट ढिले करून चाक उतरवावें. तेलाच्या दाबाचा डिस्क ब्रेक असल्यास चाक बाहेर असेपर्यंत ब्रेक दाबूं नये.

(४) सगळी हवा सोडावी. टायराच्या कांठांत पोलादी तार असते. ती ताणत नाहीं. रिमच्या मध्यावर एक खोलगट पन्हळ असते. टायराचा कांठ चहूंकडून दाबून त्या पन्हळींत ढकलला म्हणजे समोरच्या बाजूस ढिलाई मिळते व पट्टीनें टायर सहज निघतो. ही युक्ति ठाऊक नसली म्हणजे लोक जोर करितात आणि पट्टीनें ट्यूब चिमटतात. नव्या टायरांत पहिल्याच दिवशीं पंक्चर होतें त्याचें कारण बहुधा हेंच असतें.

(५) रिम पुसून तिच्यावरील पट्टी पहावी. एखाद्या स्पोकचें डोकें वर आलें असेल किंवा पट्टी सरकली असेल तर ती आधीं बदलावी. ट्यूबच्या पोटाच्या, म्हणजे रिमकडील, बाजूस भोंक पडलें असेल तर दोष येथें आहे. त्यास कितीही जाड टायर उपयोगी नाहीं.

(६) जुनाच टायर पुढच्या चाकास घालावयाचा असेल तर त्याच्या आंतून कापसाचा बोळा फिरवावा. मोडून आंत राहिलेलें कांट्याचें टोंक किंवा तार असेल तेथें कापूस अडकेल. बोटानें चांचपूं नये; बोट कापतें.

(७) कांटेरोधक टायर ताठ असतो. तो अर्धा तास उन्हांत ठेवावा. सोलापुरांत या उपायास खर्च नाहीं. उबेनें रबर नरम होतें. कुशीवर बाण असेल तर त्याची दिशा चाकाच्या पुढें फिरण्याकडे ठेवावी. प्रथम टायराची एक बाजू रिमवर चढवावी.

(८) ट्यूबमध्यें तिला आकार येईल इतकीच हवा भरून ती आंत ठेवावी व व्हॉल्व्ह भोंकांतून सरळ काढावा. दुसरी बाजू व्हॉल्व्हच्या समोरून चढविण्यास आरंभ करून शेवट व्हॉल्व्हपाशीं करावा. चढविलेला भाग सारखा पन्हळींत दाबीत रहावें. शेवटचा वीतभर भाग हट्ट धरतो. तेथें साबणाचें पाणी लावून दोन्ही अंगठ्यांनीं ढकलावा. शक्य तोंवर पट्टी वापरूं नये. शेवटीं व्हॉल्व्ह थोडा वर ढकलून पुन्हां खालीं ओढावा, म्हणजे त्याच्या मुळाशीं ट्यूब टायराखालीं दबलेली राहत नाहीं.

(९) थोडी हवा भरून चाक फिरवून पहावें. टायराच्या कांठाजवळ एक बारीक रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एकदां हवा सोडून पुन्हां भरल्यानें ट्यूबच्या सुरकुत्या जातात.

(१०) चाक जागेवर बसवितांना आंस खांचेंत पुरता शिरला आहे ना, आणि वॉशरचें नाक छायाचित्रांतल्याप्रमाणें आहे ना, हें पहावें. मोटर चाकास पुढें ढकलते तेव्हां आंसास मागें पिळते. हा पीळ वॉशर धरतो. तो चुकला तर आंस जागच्या जागीं फिरून तार तोडील. मोटरची तार आंसापासून खालीं वळवून मग वर न्यावी, म्हणजे पावसाचें पाणी तारेवरून ओघळून मोटरमध्यें न जातां खालीं गळतें.

(११) अशा नटांस बहुधा ३५ ते ४० न्यूटन-मीटर इतका ताण लागतो. कारखानदारानें निराळा आंकडा दिला असेल तर तोच धरावा. मापाचा पाना नसेल तर वीस सेंटिमीटर लांब पान्याच्या टोंकास १८ ते २० किलोग्रॅम भार दिल्यासारखा जोर, असा हिशेब बसतो. तारेचा जोड बाणास बाण जुळवून लावावा. चाक हातानें फिरवून, ब्रेक पाहून, मग बॅटरी घालावी. पहिल्या दिवसाच्या फेरीनंतर नट पुन्हां एकदां आवळून पहावे.

७. हवा व राखण

उत्तम टायरही हवा कमी असतां टिकत नाहीं. हवा कमी झाली कीं टायर दगडावर रिमपर्यंत दबतो व ट्यूबला सापाच्या दातांसारखीं जोडीनें दोन भोंकें पडतात. हें पंक्चर कांट्याचें नव्हे, निष्काळजीपणाचें होय. किती पौंड हवा भरावी याची खालची व वरची मर्यादा टायराच्या कुशीवर छापलेली असते. ओझें नेणाऱ्यानें मागील चाकांत वरच्या मर्यादेकडे व पुढील चाकांत मध्याकडे असावें. टायर ताठ असल्यानें अंगठ्यानें दाबून हवा कळत नाहीं. दर पंधरवड्यास मापाच्या पंपानें पहावी.

उन्हाचाही विचार ठेवावा. पहांटे २५ अंशांत ६० पौंड भरलेली हवा दुपारीं ४५ अंशांत सुमारें ६५ पौंडांवर जाते. म्हणून वरच्या मर्यादेस अगदीं भिडवून हवा भरूं नये, आणि उन्हाळ्यांत सायकल छायेंत उभी करावी. यानें टायरांचें रबर व बॅटरी या दोहोंचेंही आयुष्य वाढतें.

खर्चाचा निर्णय भावनेवर न सोडतां वहींत करावा. समजा, महिन्यांतून दोन पंक्चरें होतात, प्रत्येकास ६० रुपये व दोन तास जातात. वर्षाचे १४४० रुपये व ४८ तास झाले. दोन तासांची आपली मजुरी ज्यानें त्यानें धरावी, हुकलेली पाण्याची पाळी व नासलेलें दूध निराळें मांडावें, आणि तो आंकडा टायराच्या किंमतीशेजारीं ठेवावा. ज्याच्या डबींत वर्षांत दोनच कांटे पडले, त्यानें महाग टायर घेऊं नये. त्याचा पैसा इतरत्र अधिक उपयोगी पडेल.

शेवटीं, शेतकऱ्यापाशीं एक असा उपाय आहे कीं जो शहरांतील सायकलस्वारापाशीं नाहीं : वाट त्याच्या हातीं आहे. सराटा फुलावर असतांनाच, फळ धरण्यापूर्वी, बांधावरून व शेतवाटेवरून मुळासकट उपटावा. त्याचें बीं जमिनींत वर्षानुवर्षें जिवंत राहतें, म्हणून हें काम दोन-चार पावसाळे चिकाटीनें करावें लागेल. कुंपणाचे फांटे वाटेवरून ओढून न नेतां गाडींत घालून न्यावे. डाळिंबाची छाटणी झाल्यावर फांद्या त्याच दिवशीं वेंचून बागेबाहेर जाळाव्या. तेल्या रोगाच्या बंदोबस्तासाठीं रोगट छाट नष्ट करावीच लागते, तेव्हां एका श्रमांत दोन कामें होतात. या वाटेनें सायकलच जाते असें नाहीं. मजुरांचे अनवाणी पाय व जनावरांचे खूरही तिच्यावरूनच जातात.

या पावसाळ्यापासून वाचकांनीं कांट्यांची डबी ठेवण्यास आरंभ करावा व पुढील हंगामापूर्वीं ती उघडून मग टायराचा निर्णय घ्यावा, इतकी विनंती करून हा लेख पुरा करितों.